क्रमांक तोच, धनी निराळे
एका भ्रमणध्वनी कंपनीची तीस वर्षे

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला गोहलपूर ही दाट लोकवस्ती आहे. या वस्तीत किंवा शहरातील कोणत्याही जुन्या बाजारपेठेत ज्या लोकांनी अगदी आरंभीच्या काळात भ्रमणध्वनी घेतला, त्यांच्या क्रमांकाचे पहिले चार आकडे ९८२६ किंवा ९८२७ असे असत. पुढे ९८९३ आणि ९४२५ हे आकडे आले. सामान्य माणसाच्या लेखी हे आकडे म्हणजे केवळ ओळखीची खूण होय. पण नाण्यावरील छाप पाहून इतिहासकार ज्याप्रमाणे राजवट ओळखतो, त्याप्रमाणे या चार आकड्यांवरून तो क्रमांक प्रथम कोणी दिला हे सांगता येते. ९८२६ ही मालिका मध्य प्रदेशात आरपीजी समूहाच्या कंपनीला मिळालेली होती. ९८२७ रिलायन्सची, ९८९३ एअरटेलची आणि ९४२५ भारत संचार निगम या सरकारी कंपनीची. राजवटी बदलल्या तरी नाण्यावरील छाप पुसला जात नाही, तसेच या क्रमांकांचेही झाले. ९८२६ या मालिकेतील क्रमांक ज्याने जपून ठेवला, त्याने स्वतः काहीही न करता एकामागून एक अनेक धनी पाहिले. हे धनी का बदलले आणि त्या बदलांतून अखेर कोणाच्या हाती काय उरले, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

विषयात शिरण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भ्रमणध्वनी कंपनीची मालकी म्हणजे नेमकी कशाची मालकी? कापडगिरणीचा मालक जमिनीचा, इमारतीचा आणि यंत्रांचा मालक असतो. भ्रमणध्वनी कंपनीजवळही मनोरे आणि यंत्रे असतात. पण ज्या रेडिओलहरींवाचून ती सारी यंत्रे मुकी आहेत, त्या लहरी तिच्या नसतात. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्या वापरण्याची अनुज्ञा सरकार ठराविक मुदतीसाठी आणि ठराविक मोबदल्यात देते. म्हणजे कंपनीच्या भागधारकांच्या हाती जे असते, ते स्वरूपतः कुळासारखे असते. शेत दुसऱ्याचे, कसणारा दुसरा, आणि खंड किती द्यावयाचा हे धन्याने ठरवावयाचे. पुढे जे काही घडले त्याची मुळे या खंडाच्या प्रश्नात आहेत.

आता आरंभाकडे वळू. १९९४ सालच्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने सरकारी खात्याची मक्तेदारी शिथिल केली आणि खाजगी भांडवलास दार उघडले. देशाचे परिमंडळांत विभाजन करण्यात आले आणि प्रत्येक परिमंडळात दोन खाजगी कंपन्यांना परवाने द्यावयाचे ठरले. चार महानगरे वेगळी काढण्यात आली. उरलेल्या परिमंडळांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले गेले. महाराष्ट्र, गुजरात आणि आंध्र प्रदेश ही परिमंडळे अ वर्गात होती, तर मध्य प्रदेश ब वर्गात होता. महाराष्ट्राच्या परिमंडळात मुंबई नव्हती, मात्र गोवा होता. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातील भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण म्हणून त्याची नोंद आहे. त्या काळी गर्दीच्या वेळेतील दर मिनिटास १६ रुपये ८० पैशांपर्यंत असे आणि बोलणाऱ्याप्रमाणेच ऐकणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. साहजिकच हे साधन उद्योगपती, बांधकाम व्यावसायिक आणि मोठे व्यापारी यांच्यापुरते मर्यादित राहिले.

याच वर्षी, १४ मार्च १९९५ रोजी, बिर्ला कम्युनिकेशन्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन परिमंडळे मिळाली. समूहाचे प्रमुख आदित्य विक्रम बिर्ला यांचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधन झाले आणि सारा कारभार अठ्ठावीस वर्षांच्या कुमार मंगलम बिर्ला यांच्याकडे आला. सिमेंट, कापड आणि धातू यांत मुरलेल्या या घराण्याला दूरध्वनीचे तंत्र परके होते. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीशी भागीदारी करण्यात आली आणि नाव झाले बिर्ला एटी अँड टी कम्युनिकेशन्स. १९९७ मध्ये प्रत्यक्ष सेवा सुरू झाली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर या भागांत ९८२२ या आकड्यांनी आरंभ होणारे क्रमांक या कंपनीचे. तिची प्रतिस्पर्धी बीपीएल. तिचे क्रमांक ९८२३ ने सुरू होत. हे दोन आकडे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचा पुन्हा उल्लेख करावा लागणार आहे.

महाराष्ट्राला लागून असलेल्या आंध्र प्रदेशात टाटा सेल्युलर होती आणि मध्य प्रदेशात आरपीजी. आज छत्तीसगड राज्यात असलेले जिल्हेही मध्य प्रदेशाच्याच परिमंडळात मोडत आणि राज्य वेगळे झाल्यावरही परिमंडळ एकच राहिले. विस्तार प्रचंड, वस्ती विरळ, मधे सातपुडा आणि विंध्याचे डोंगर. अशा प्रदेशात मनोऱ्यांची साखळी उभारणे खर्चाचे काम होते. त्यात परवान्यांसाठी लिलावात बोललेल्या रकमा अवाच्या सवा होत्या. प्रत्येक कंपनीने दरवर्षी किती ठोक रक्कम द्यावयाची हे आधीच ठरले होते. ग्राहक किती मिळाले, उत्पन्न किती झाले, याच्याशी त्या रकमेचा संबंध नव्हता. ग्राहक अपेक्षेप्रमाणे वाढले नाहीत आणि रकमा थकू लागल्या. पीक आले नाही तरी खंड चुकत नाही, अशी ती स्थिती होती.

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने यातून मार्ग काढला. ठोक रकमेऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याचे सरकारने मान्य केले. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर खंडाची पद्धत जाऊन बटाईची आली. कंपन्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दर उतरू लागले. तथापि बटाईत एक वाद नेहमीच दडलेला असतो, तो म्हणजे पीक कशाला म्हणावयाचे? धान्य वाटून घ्यावयाचे हे कबूल. पण बांधावरच्या झाडाची फळे, कडब्याचे पैसे, गोठ्यातल्या दुधाचे उत्पन्न, हेही वाटणीत धरावयाचे काय? परवान्यांच्या कलमांत ‘समायोजित एकूण महसूल’ असा शब्दप्रयोग होता. दूरध्वनी सेवेखेरीज कंपनीला मिळणारे भाडे, व्याज, लाभांश हे सारे त्यात येते असे सरकारचे म्हणणे पडले. कंपन्यांना ते मान्य नव्हते. वाद न्यायाधिकरणात गेला, तेथून वर गेला आणि वर्षानुवर्षे चालला. या काळात कंपन्यांच्या ताळेबंदात ती रक्कम देणे म्हणून ठळकपणे दिसत नव्हती. पण ती वाढत होती.

धोरण बदलल्यानंतर एकत्रीकरणाचे पर्व सुरू झाले. २००० साली टाटा सेल्युलर बिर्ला एटी अँड टीमध्ये विलीन झाली. २००१ मध्ये या कंपनीने आरपीजीकडून मध्य प्रदेशाचे परिमंडळ विकत घेतले आणि गोहलपूरच्या ९८२६ क्रमांकाचा धनी पहिल्यांदा बदलला. कंपनीचे नाव आता बिर्ला टाटा एटी अँड टी असे लांबलचक झाले. नकाशावर पाहिले तर या खरेदीमागील व्यवहारज्ञान लक्षात येते. गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश हा सलग पट्टा एका हाती आला. इटारसीहून नागपूरला किंवा जबलपूरहून पुण्याला जाणाऱ्या व्यापाऱ्याचे संभाषण वाटेत परक्या कंपनीच्या हाती देण्याचे कारण उरले नाही. २००२ मध्ये ते लांबलचक नाव टाकून आयडिया हे सुटसुटीत नाव घेण्यात आले. तीन घराण्यांची नावे एकत्र जोडलेली पाटी ग्राहकाला सांगे की येथे तिघे भागीदार आहेत. नव्या नावात कोणाही भागीदाराचा मागमूस नव्हता. भागीदार पुढे बदलले तरी पाटी बदलावी लागू नये, ही सोय त्यात आपोआप झाली.

आणि भागीदार बदलले. २००४ मध्ये अमेरिकेत एटी अँड टीची भ्रमणध्वनी शाखा सिंग्युलर या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकाला भारतातील भागीदारीत रस नव्हता. परिणामी २००५ मध्ये तो हिस्सा बिर्ला आणि टाटा यांनी वाटून घेतला. अटलांटापलीकडच्या एका व्यवहाराने जबलपूरच्या ग्राहकाच्या कंपनीतील एक तृतीयांशाच्या जवळपास मालकी हलली. ग्राहकाला त्याचा पत्ताही लागला नाही. उरलेल्या दोघांतही फार काळ जमले नाही. टाटा समूहाची टाटा टेलिसर्व्हिसेस ही दुसरी कंपनी निराळ्या तंत्राने त्याच बाजारात उतरलेली होती. एकाच घरातील एक हात आयडिया चालवीत होता आणि दुसरा तिच्याशी स्पर्धा करीत होता. २००६ मध्ये टाटांनी आपला ४८.१४ टक्के हिस्सा सुमारे ४,४०६ कोटी रुपयांना बिर्ला समूहाला विकला. २००७ मध्ये कंपनीचे समभाग जनतेसाठी खुले झाले. प्रत्येकी ७५ रुपये दराने २,१२५ कोटी रुपये उभे राहिले. हा ७५ रुपयांचा आकडाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मालकांच्या या उलथापालथीबरोबर दुसरी, अधिक मोठी घटना घडत होती. १ मे २००३ पासून येणाऱ्या संभाषणाचे पैसे ऐकणाऱ्याने देण्याची पद्धत संपली. हा एक बदल सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने साऱ्या खरेदीविक्रीहून मोलाचा ठरला. आधी पैसे भरून घ्यावयाच्या कार्डामुळे महिन्याच्या बिलाची धास्ती गेली होती. आता ऐकणे फुकट झाले. रिक्षाचालक, गवंडी, भाजीविक्रेता, घरी बसून काम करणारा कारागीर यांच्या खिशात भ्रमणध्वनी आला. जवळ दोनच रुपये शिल्लक असले तरी मिस्ड कॉल देऊन निरोप पोहोचविता येतो, ही युक्ती लोकांनी स्वतःच शोधून काढली. पैसे न घेता चालणाऱ्या या निरोपांची गणना कोणत्याही ताळेबंदात झाली नाही. पण या साधनाला घराघरांत नेण्याचे श्रेय त्यांनाही द्यावे लागेल.

आयडियाचा विस्तार चालूच राहिला. २००४ मध्ये एस्कोटेल ही कंपनी घेऊन हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश आणि केरळ ही परिमंडळे मिळविण्यात आली. २००८ मध्ये पंजाब आणि कर्नाटकात काम करणारी स्पाइस कम्युनिकेशन्स तिच्याकडे आली. ही स्पाइस मोदी समूहाची. १९९५ मधील कलकत्त्याचे ते पहिले संभाषण ज्या मोदी टेल्स्ट्रा कंपनीच्या जाळ्यावरून झाले, तिच्यातही हाच समूह भागीदार होता. त्याच व्यवहाराच्या ओघात मलेशियातील कंपनीने आयडियात सुमारे १५ टक्के हिस्सा घेतला. काही वर्षांतच आयडियाची सेवा देशाच्या सर्व २२ परिमंडळांत पोहोचली.

दुसऱ्या एका घराची कथा येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण दोन्ही कथा पुढे एकत्र येतात. मुंबईत १९९५ मध्ये मॅक्स टच या नावाने एक सेवा सुरू झाली. तिच्या क्रमांकांचा आरंभ ९८२० ने होई. तीच पुढे ऑरेंज झाली, मग हच झाली. हाँगकाँगच्या हचिसन समूहाने अनेक परिमंडळांतील कंपन्या एकत्र करून हे जाळे वाढविले. गुजरातमधील ९८२५ ची कंपनी तिच्यात आली आणि महाराष्ट्र व केरळ येथील बीपीएलचा व्यवसायही तिच्याच पदरात पडला. २००७ मध्ये हचिसनने आपला हिस्सा ब्रिटनच्या व्होडाफोनला सुमारे ११ अब्ज डॉलरना विकला. हा व्यवहार भारताबाहेरील कंपन्यांच्या समभागांमार्फत झाला. त्यावर भारतात कर लागतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला. ती तरतूद २०२१ मध्ये मागे घेण्यात आली. मुंबईकराच्या खिशातील एका यंत्राची मालकी किती दूरच्या बेटांवरून फिरू शकते, याचे हे उदाहरण होय.

आता कुळाच्या मुदतीचा प्रश्न उभा राहतो. १९९५ च्या सुमारास दिलेल्या परवान्यांची मुदत वीस वर्षांनी संपत होती. मुदत संपत आली तेव्हा लहरी पूर्वीप्रमाणे मिळणार नव्हत्या. त्यांचा लिलाव होणार होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वाटलेले १२२ परवाने रद्द केल्यापासून लिलाव हीच रीत झाली होती. आयडियाजवळ ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी होत्या. या लहरी दूरवर जातात आणि भिंती भेदून घरात शिरतात. यामुळे दाट वस्तीत आणि खेड्यापाड्यांत त्यांचे मोल मोठे. ज्या लहरींवर वीस वर्षे व्यवसाय उभा केला, त्याच हातच्या गेल्या तर मनोरे असून नसल्यासारखे. मार्च २०१५ च्या लिलावात आयडियाने सुमारे ३० हजार कोटी रुपयांची बोली लावली. त्यातील फार मोठा भाग जे हाती होते तेच टिकविण्यासाठी होता. रोख रक्कम एवढी नव्हतीच. सरकारला हप्त्यांनी देण्याचे कबूल करण्यात आले. अशा रीतीने धनी हाच सावकार झाला.

कर्जाचे ओझे असे वाढलेले असतानाच ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. तिने संभाषण विनामूल्य केले आणि माहितीचे वहनही आरंभीचे काही महिने फुकट दिले. १७० दिवसांत तिला दहा कोटी ग्राहक मिळाले. जुन्या कंपन्यांचे उत्पन्न मिनिटांच्या हिशेबावर उभे होते. तो हिशेबच नाहीसा झाला. ग्राहकाचा लाभ उघड होता. ज्याने पूर्वी कधी चित्रफीत पाहिली नव्हती, तो आता तासन् तास पाहू लागला. पण ज्या कंपन्यांनी आदल्याच वर्षी लहरींसाठी हजारो कोटींचे हप्ते कबूल केले होते, त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉरने भारतातील व्यवसाय एअरटेलला देऊन टाकला आणि टाटांनीही तेच केले. मध्य प्रदेशात ९८२७ चे क्रमांक देणारा रिलायन्स समूह २००५ मध्ये दोन भावांत विभागला गेला होता. जुनी भ्रमणध्वनी कंपनी अनिल अंबानी यांच्याकडे गेली होती आणि नवी जिओ मुकेश अंबानी यांची होती. २०१७ च्या अखेरीस जुन्या कंपनीने आपली सेवा गुंडाळली. एकाच आडनावाच्या दोन कंपन्यांपैकी एकीच्या उदयाच्या काळातच दुसरी अस्तास गेली.

२० मार्च २०१७ रोजी आयडिया आणि व्होडाफोन यांनी एकत्र येण्याची घोषणा केली आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी विलीनीकरण पूर्ण झाले. व्होडाफोनकडे ४५.१ टक्के आणि बिर्ला समूहाकडे २६ टक्के हिस्सा राहिला. ग्राहक चाळीस कोटींहून अधिक झाले, म्हणजे त्या दिवशी ती देशातील सर्वांत मोठी कंपनी होती. कायद्याच्या दृष्टीने व्होडाफोनचा भारतीय व्यवसाय आयडियात मिळविला गेला आणि आयडियाचे नाव व्होडाफोन आयडिया झाले. अर्थात १४ मार्च १९९५ रोजी जन्मलेली कंपनीच पाचवे नाव धारण करून जिवंत राहिली. मघाशी सांगितलेल्या दोन आकड्यांचे आता स्मरण करावे. पुण्याच्या रस्त्यांवर वीस वर्षांपूर्वी एकमेकांशी झुंजलेले ९८२२ आणि ९८२३ आता एका घरचे झाले. गुजरातमधील ९८२४ आणि ९८२५, केरळमधील ९८४६ आणि ९८४७ यांचेही तसेच झाले. स्पर्धा असावी म्हणून १९९५ मध्ये ज्या दोघांना मुद्दाम वेगवेगळे परवाने दिले, ते दोघे या तीन राज्यांत एकच होऊन बसले.

मोठेपणाने मात्र बळ आले नाही. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समायोजित एकूण महसुलाच्या वादाचा निकाल सरकारच्या बाजूने दिला. कडबा आणि दूध हेही वाटणीत धरावे असे ठरले. मूळ रक्कम, तिच्यावरील व्याज, दंड आणि दंडावरील व्याज मिळून व्होडाफोन आयडियाकडे ५८ हजार कोटींहून अधिक येणे आहे असा दूरसंचार खात्याचा हिशेब होता. त्या तिमाहीत कंपनीने ५०,९२१ कोटी रुपयांचा तोटा दाखविला. भारतातील कोणत्याही कंपनीने तोवर एका तिमाहीत एवढा तोटा दाखविला नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने हप्त्यांसाठी दहा वर्षांची मुदत दिली. त्याच महिन्यात कंपनीने व्ही हे नवे बोधनाम धारण केले. जून २०२१ मध्ये कुमार मंगलम बिर्ला यांनी आपला हिस्सा सरकारी वा अन्य समर्थ संस्थेकडे सोपविण्याची तयारी असल्याचे सरकारला पत्राने कळविले आणि ऑगस्टमध्ये अध्यक्षपद सोडले.

सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने सवलतींची योजना आणली. तीत थकबाकीचे रूपांतर समभागांत करण्याची तरतूद होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटी रुपयांच्या देण्याच्या बदल्यात सरकारला सुमारे एक तृतीयांश हिस्सा मिळाला. २०२४ मधील नव्या भागविक्रीने हे प्रमाण उतरले. एप्रिल २०२५ मध्ये लहरींच्या थकलेल्या ३६,९५० कोटी रुपयांच्या बदल्यात पुन्हा समभाग दिले गेले आणि सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्क्यांवर पोहोचला. दोन्ही मूळ समूहांचा मिळून हिस्सा चतुर्थांशाच्या आसपास उतरला; तरी कारभार त्यांच्याचकडे राहिला. सरकारने हे समभाग दर्शनी किमतीला, म्हणजे प्रत्येकी दहा रुपयांना घेतले. २००७ मध्ये जनतेने ज्या कंपनीच्या समभागासाठी ७५ रुपये मोजले, तिची ही अवस्था झाली. ग्राहकसंख्याही तोवर सुमारे वीस कोटींवर, म्हणजे विलीनीकरणाच्या वेळेच्या निम्म्यावर आली होती.

जो सरकारकडून परवाना घेऊन निघाला, त्याचा सर्वांत मोठा भागधारक तीस वर्षांनी सरकारच झाले. हे विलक्षण वाटते, पण जबलपूरच्या इतिहासाला ते अपरिचित नाही. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग याच शहरात एकमेकांस भेटले. दोन्ही कंपन्या खाजगी होत्या आणि त्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. पुढे सरकारने पहिली १९०० मध्ये आणि दुसरी १८८० च्या सुमारास विकत घेतली. पण मालकी सरकारची झाली तरी कारभार कंपन्यांकडेच ठेवण्यात आला. १९२५ मध्ये तो कारभारही सरकारने हाती घेतला. मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, ही व्यवस्था अनेक दशके टिकली आणि त्या काळात उतारूंच्या गैरसोयीची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला. दोन काळांची परिस्थिती एकसारखी नाही. रेल्वेला सरकारने नफ्याची हमी दिली होती. भ्रमणध्वनी कंपनीकडून सरकारने खंड मागितला. तरी शेवटी दोन्ही वाटा त्याच ठिकाणी येऊन मिळाल्या, याचे कारण समान आहे. ज्या सेवेवाचून लोकांचे चालत नाही, ती देणारी संस्था बुडू देणे कोणत्याही सरकारला परवडत नाही.

या साऱ्यात ग्राहकाचे स्थान कोठे? मालकांच्या कोणत्याही बदलात त्याची संमती विचारली गेली नाही, आणि ती विचारण्याची रीतही नाही. तथापि एक हक्क त्याला मिळाला. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा आली. त्यापूर्वी क्रमांक हा ग्राहकाला बांधून ठेवणारा दावा होता. ज्याचा क्रमांक दुकानाच्या पाटीवर रंगविलेला, गिऱ्हाइकांच्या वह्यांत उतरलेला, तो सेवा वाईट असली तरी कंपनी सोडू शकत नसे. आता ९८२६ चा क्रमांक जिओवर चालू शकतो आणि ९८९३ चा भारत संचार निगमवर. ९८२७ च्या कंपनीने दारे मिटली तेव्हा त्या ग्राहकांचे क्रमांक या मुभेमुळेच वाचू शकले. बॅंकेचे खाते, शिधापत्रिका, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हे सर्व क्रमांकाशी जोडले गेल्यावर तर या हक्काची किंमत फार वाढली आहे. गरीब घरात अनेकदा एकच क्रमांक साऱ्या कुटुंबाचा पत्ता असतो.

परंतु कंपनी बदलण्याच्या हक्काला अर्थ तेव्हाच राहतो, जेव्हा बदलून जाण्याजोग्या कंपन्या शिल्लक असतात. एके काळी एकेका परिमंडळात दहाबारा कंपन्या होत्या. २०१९ नंतर तीन खाजगी आणि एक प्रमुख सरकारी उरली. त्यांपैकी एक मिटली असती तर निवड आणखी आकसली असती, आणि ज्यांच्याकडून महिन्याला थोडेच उत्पन्न होते अशा वस्त्यांतील ग्राहकांना त्याची झळ आधी लागली असती. सरकारने थकबाकी सोडून समभाग घेतले त्याचे समर्थन येथे आहे. त्याचबरोबर त्यातील पेचही नाकारता येत नाही. लहरींचा धनी सरकार, थकबाकीचा सावकार सरकार, मोठा भागधारक सरकार, प्रतिस्पर्धी भारत संचार निगमचा पूर्ण मालक सरकार. स्पर्धेचे नियम घालणारे प्राधिकरण १९९७ मध्ये स्वतंत्र स्थापन झाले ते अशाच हितसंबंधांपासून निर्णय अलिप्त राहावेत म्हणून. ही अलिप्तता टिकविणे आता पूर्वीपेक्षा कठीण आणि म्हणूनच अधिक आवश्यक झाले आहे.

तीस वर्षांच्या या वृत्तान्तात कोणी खलपुरुष शोधू गेल्यास निराशा पदरी पडेल. उद्योगपतींनी लिलावात न पेलणाऱ्या बोली लावल्या हे खरे. सरकारने सार्वजनिक मालमत्तेचे अधिकाधिक मोल मागितले हेही खरे. आणि ग्राहकाने स्वस्त ते घेतले, यात त्याचा दोष नाही. तथापि लहरींसाठी जे मोल कागदोपत्री मिळाले, त्याचा मोठा भाग अखेर रोख स्वरूपात तिजोरीत न येता दहा रुपयांच्या समभागांच्या रूपाने आला. ती गुंतवणूक जनतेची आहे. या अर्थाने गोहलपूरचा ग्राहक, त्याने क्रमांक कोणत्याही कंपनीत नेलेला असो, ९८२६ च्या जुन्या कंपनीचा अल्पसा भागीदार झालेला आहे. त्या भागीदारीचा त्याला लाभांश मिळेल की नाही हे पुढील काळ ठरवील. पण वस्तीच्या आतल्या गल्लीत लहर पोहोचते की नाही, दर परवडतो की नाही, आणि न परवडल्यास दुसरीकडे जाता येते की नाही, हे तीन प्रश्न विचारण्याचा त्याचा अधिकार या भागीदारीने दुप्पट झाला आहे. एकदा ग्राहक म्हणून, आणि आता धनी म्हणूनही.